झालेल्याला मार नाही

सुपडू महाजन सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं बुऱ्हाणपुरात ढिगानं सापडतील. शनवारा भागात मोबाइलच्या दुकानात नुसतं नाव काढा, दुकानदार हातातलं काम ठेवून सांगायला लागेल, "सरांनीच तर मला बोलायला शिकवलं." माझं सांगणं थोडं वेगळं आहे. सहा-सात वर्षं मला त्यांच्यामुळे पोटात दुखत आलंय, आणि हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला वाटायचं, बाई किती मोठ्या मनाची आहे.

मी इंग्रजीत एम. ए., तेही पहिल्या वर्गात. ते आमच्या शाळेत आले तेव्हा मला तिथे इंग्रजी शिकवून अठरा वर्षं झाली होती. वैद्य मॅडमच्या तपासलेल्या कॉपीत चूक राहत नाही, असं प्राचार्य माझ्याबद्दल पाहुण्यांना सांगायचे. सरांचं सगळं शिक्षण बाहेरून परीक्षा देऊन झालेलं. नदीपलीकडच्या गावात भावाबरोबर केळी लावायचे, केळीला पाणी देता देता रेडिओ ऐकायचे, आणि त्या रेडिओवर इंग्रजी शिकले असं ते स्वतः अभिमानानं सांगायचे. शाळेला 'इस्कूल' म्हणायचे. मी पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये नाक मुरडून घेतलं.

आणि नाव सुपडू. हल्ली असं नाव असलेला माणूस ते आद्याक्षरांमागे लपवतो. यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वर्गाला आपल्या नावाची गोष्ट इंग्रजीत सांगितली. त्यांच्या आधी आईची दोन मुलं जन्मून गेली होती. तिसरा झाला तेव्हा आजीनं त्याला सुपात घातलं, दाराबाहेर ठेवलं आणि शेजारणीकडून परत मागून घेतलं, म्हणजे देवाला वाटावं की हे या घरचं नाहीच. देव फसला, मी वाचलो, असं म्हणून ते हसले. आधी काय घडून गेलं होतं, मग काय घडलं, आणि तेव्हा काय चाललं होतं, हे सगळं त्या एका गोष्टीत आलं. मी जे फळ्यावर भूतकाळाचे तीन रकाने आखून आठवडाभर शिकवायची, ते यांनी दहा मिनिटांत उरकलं, आणि वर्गातल्या मुली डोळे पुसत होत्या. गोष्ट मला शेजारच्या वर्गात भिंतीपलीकडून ऐकू येत होती, मुलींचं नंतर कळलं. माझ्या वर्गात तेव्हा कोणी डोळे पुसत नव्हतं. जांभया देत होते.

त्यांची तास घेण्याची पद्धत अशी. रोज एक मूल सरांच्या खुर्चीत बसायचं आणि सर त्या मुलाच्या जागी, बाकावर, गुडघे दुमडून. खुर्चीतल्यानं आपल्यावर घडलेली एक गोष्ट इंग्रजीत सांगायची. ऐकणाऱ्यांनी मध्ये एकच शब्द बोलायचा, "देन?" चूक झाली तर कोणी हसायचं नाही, आणि सरांनी टोकायचं नाही. गोष्ट संपली की सर उठून तीच गोष्ट पुन्हा सांगायचे, स्वच्छ इंग्रजीत, आणि इतक्या चवीनं की जणू ती त्यांना आत्ताच कळली आहे. मूल आपलीच गोष्ट नीट कपडे घालून आलेली बघायचं आणि खूश व्हायचं. चुका कुठे गेल्या हे त्याला कळायचंही नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम दारावर खडूनं लिहिलेला असायचा, मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा. झालेल्याला मार नाही. म्हणजे त्या खुर्चीत बसून तुम्ही जे घडलं म्हणून सांगाल, त्याची शिक्षा तुम्हाला कोणी करायची नाही, आणि ती गोष्ट वर्गाबाहेर न्यायची नाही. पोरं मग काय काय सांगायची. बापाच्या खिशातली बिडी ओढली ते, परीक्षेत चिठ्ठी नेली ते, इतवाऱ्यातल्या बाजारात आईचा हात सोडून मुद्दाम हरवलो ते. एका पोरानं प्रयोगशाळेतली काचेची बरणी आपण फोडल्याचं सांगितलं आणि ते फुटून विज्ञानाच्या सरांपर्यंत गेलं. विज्ञानाचे सर तावातावानं वर्गाच्या दारात आले. सुपडू सर दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, मी शब्द दिलेला आहे. बरणी माझ्याकडून फुटली असं लिहून घ्या." आणि खरंच तसं लिहून दिलं. आठवडाभर मुलं त्या बरणीबद्दलच बोलत होती.

आमच्या शाळेत यंत्रमागवाल्यांची मुलं पुष्कळ. त्यांच्यात सना नावाची एक मुलगी होती, आठवीपर्यंत हजेरीलाही नुसती मान हलवणारी. ती खुर्चीत बसली आणि तिनं सांगितलं की एकदा वीज गेली आणि सगळ्या मोहल्ल्यातले माग एकदम थांबले. तिच्या घरातली धाकटी बहीण त्या शांततेला घाबरून रडायला लागली, कारण जन्मल्यापासून तिनं शांतता ऐकलीच नव्हती. वर्गानं "देन?" विचारलं तेव्हा सना म्हणाली, मग वीज आली आणि ती झोपली. त्या वर्षी सना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला गेली. माझ्या वर्गातली, पाठ करून आलेली मुलगी दुसऱ्याच वाक्यावर अडकून खाली आली. मी सरांचं अभिनंदन केलं. दात किती घट्ट आवळले होते ते माझं मला माहीत.

मीही एकदा करून पाहिलं. म्हटलं, यात काय मोठं शास्त्र आहे. एका मुलाला माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, सांग. त्यानं पहिलं वाक्य सुरू केलं, मी दुरुस्त केलं. त्यानं ते पुन्हा म्हटलं, मी उच्चार सुधारला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, मुझे कुछ नहीं हुआ था," आणि जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून माझे तीन रकाने पुन्हा फळ्यावर आले.

दिसायला माणूस काही खास नव्हता. ठेंगणे, कान मोठे, शर्टाचा खिसा कायम काहीतरी कोंबल्यानं लोंबणारा. फळा स्वतःच्या रुमालानं पुसायचे आणि त्याच रुमालानं तोंड. अकरा वाजता पिशवीतून दोन केळी काढायचे. एक स्वतः खायचे, खालच्या टोकाकडून सोलून, आणि दुसरं माझ्या टेबलावर ठेवायचे. "मॅडम, आपल्या शेतातलं. गोड लागलं तर सांगा, नाही लागलं तर भावाला सांगतो." मी कधी सांगितलं नाही. गोड असायचं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी निभावलं असतं. पण माझी मुलगी मुक्ता त्यांच्या वर्गात होती. शिक्षकाचं मूल त्याच्याच वर्गात नको, लोक बोलतील, असं मीच प्राचार्यांना सांगितलं होतं, म्हणून ती नववी 'ब'मध्ये गेली आणि सरांच्या हाती लागली. घरात मुक्ता फारसं बोलायची नाही. शाळेत काय झालं, तर काही नाही. मैत्रीण काय म्हणाली, तर काही नाही. वय आहे, म्हणून मी सोडून द्यायची. एकदा स्टाफरूममध्ये सर सहज म्हणाले, "मॅडम, तुमची मुक्ता काय गोष्ट सांगते हो. पोटातून सांगते." मी म्हटलं, "हो का." माझ्या पोरीला पोटातून काही सांगता येतं, ही बातमी मला दुसऱ्याकडून कळली. मी लहान होते तेव्हा आई माझ्याशी बोलायची नाही, तर मी ठरवलं होतं की माझ्या मुलीचं असं होऊ द्यायचं नाही. एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात हवी होती, आणि ती हा केळीवाला फुकटात घेऊन चालला होता.

त्यानंतर काही दिवसांनी हजेरीपट आणायला म्हणून मी त्यांच्या वर्गावरून जात होते. खिडकीतून मुक्ता दिसली. खुर्चीत बसली होती. मी थांबले. थांबायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ती इंग्रजीत सांगत होती. मी आपल्या भाषेत लिहिते. "मी नऊ वर्षांची होते. मम्मीचा वाढदिवस होता. मी तिला इंग्रजीत पत्र लिहिलं, कारण मम्मीला इंग्रजी आवडतं. खाली जास्वंदीचं फूल काढलं. मम्मी तेव्हा कॉप्या तपासत बसली होती. तिनं पत्र घेतलं, लाल पेनानं सात ठिकाणी गोल केले आणि म्हणाली, फेअर करून आण."

"देन?" चाळीस मुलं एका सुरात म्हणाली.

"मी फेअर केलं नाही."

"देन?"

"तिनं परत मागितलंच नाही."

मला तो वाढदिवस आठवत नाही. फूल आठवत नाही. सात गोल तर मुळीच नाही, आणि तरी मला ठाऊक आहे की ते मीच केले असणार, कारण मला मी ओळखते. आणि खरं सांगायचं तर खिडकीत उभी असताना मी तिच्या बोलण्यातल्या चुका मोजल्या. चार होत्या. मग सर बाकावरून उठले आणि त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. एकही चूक न करता, हळू आवाजात. माझा गुन्हा त्या माणसाच्या तोंडून शुद्ध इंग्रजीत बाहेर पडला. स्वतःचा राग यायला हवा होता. आला नाही. सगळा राग त्यांच्यावर गेला. माझी मुलगी माझी गोष्ट मला सोडून या माणसाला सांगते, एवढंच डोक्यात घुमत होतं.

त्या रविवारी दुपारी घरातले सगळे झोपले होते, तेव्हा मी प्राचार्यांना इंग्रजीत निनावी अर्ज लिहिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून संगणकावर टाइप केला. वर्गात घरगुती गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या जातात, अभ्यासक्रम मागे पडतो, मुलांना चुकीच्या सवयी लागतात. खाली 'एक चिंतित पालक'. दोनदा वाचून, विरामचिन्हं तपासून मगच पाकिटात घातला.

सोमवारी प्राचार्यांनी तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. जीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर इंग्रजी आहे हो या पालकाचं." मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. सरांनी कागद मागून घेतला, शांतपणे दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे सर. उद्यापासून पाठ्यपुस्तक." अकरा वाजता माझ्या टेबलावर केळं आलं. मी ते खाल्लं. न खाल्लं असतं तर संशय आला असता.

मुक्ता त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "सरांचा तास कोणीतरी बंद केला." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हो का." त्यानंतर तिचं 'काही नाही'सुद्धा कमी झालं. पण दर रविवारी ती आणि चार-पाच जणी सिंधीपुऱ्यात सरांच्या घरी जायला लागल्या. ओट्यावर बसून सांगायच्या. माझ्या अर्जानं एवढंच साधलं, की जे शाळेत माझ्या भिंतीपलीकडे व्हायचं ते आता दोन मोहल्ले लांब व्हायला लागलं. पुढे ती कॉलेजला इंदूरला गेली. सुट्टीत आली की बॅग टेकवायची आणि आधी सरांकडे.

या उन्हाळ्यात सरांनी शाळा सोडली. भाऊ थकला होता, शेताकडे बघायला कोणी नव्हतं. सामान गावी न्यायच्या दिवशी मुक्ता म्हणाली, "मम्मी, मैं जा रही हूँ सरांकडे, मदत करायला. येतेस?" का कोणास ठाऊक, मी गेले.

एकटा माणूस, सामान कितीसं असणार. खाट, दोन पेट्या, पुस्तकांची पोती, तांब्याची घागर. सर टेम्पोत वर उभे राहून दोरी ओढत होते. मुक्ता खालून घागर देता देता म्हणाली, "सर, अब तो बता दो. तास कोणी बंद केला होता? तुम्हाला माहीत आहे, मतलब मला पक्कं माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरा कोणी असता तर निदान एकदा नजर वळली असती. "अगं बेटा, ते जुनं झालं. असेल कोणी पालक. घागर वर दे, पोचा यायला नको."

इतकं सहज खोटं बोलले. आणि मला ते सहन झालं नाही. माझी लाज राखायचा मोठेपणाही यांनाच मिळायचा? उद्या-परवा मुलीला कळलंच तर पुन्हा सर किती चांगले, असंच ठरणार. मनाचा मोठेपणा म्हणून नाही, निव्वळ जळफळाटानं मी बोलून गेले. "मी केला. अर्ज मी लिहिला होता."

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. मग वर बघितलं. "सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

सर पुस्तकांच्या पोत्यावर बसले. "पहिल्या दिवसापासून. एवढं साफ इंग्रजी आपल्या शाळेत दुसऱ्या कोणाला येतं?" आणि हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, टोमणा म्हणून नाही.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही. दर रविवारी मी तुम्हाला सगळं सांगत होते, आणि तुम्ही एवढं लपवलं."

"ती तुझी आई आहे बेटा. मी काय, तासाचा माणूस."

मुक्ता त्यांच्यावर कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशीही चढवला नाही. घागर जमिनीवर ठेवली आणि स्कूटीकडे चालती झाली. तुमच्यापासून काय लपवू, मला आत कुठेतरी गार वाटलं. त्यांच्यावर रुसलेली माझी मुलगी मी पहिल्यांदाच बघत होते. मग सरांकडे लक्ष गेलं. ते दोरीचं दुसरं टोक शोधत होते आणि ते त्यांच्या पायाखालीच होतं. मी काढून हातात दिलं. घागर वर दिली. म्हणाले, "जा मॅडम. पोरगी उन्हात उभी आहे."

मी मुक्ताच्या मागे बसले. शनवाऱ्यात गर्दीत गाडी अडकली तेव्हा तिनं ती रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि मागे न बघता विचारलं, "का केलंस?"

इतक्या वर्षांत मी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. अभ्यासक्रम, शिस्त, घरची अब्रू. ऐन वेळी एकही कामाला आलं नाही. म्हटलं, "मला त्यांचा हेवा वाटायचा. तू त्यांना सांगायचीस. मला सांगत नव्हतीस."

ती म्हणाली, "मम्मी, त्या दिवशी तू खिडकीत उभी होतीस. मला दिसली होतीस. मी त्या दिवसासाठी दुसरीच गोष्ट ठरवून गेले होते. तू दिसलीस म्हणून पत्राची सांगितली. मी तुलाच सांगत होते." थांबली, आणि म्हणाली, "मला वाटलं, घरी आल्यावर तू काहीतरी बोलशील. चार दिवस वाट बघितली. मग तो अर्ज आला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही, एवढंच.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. सरांचा टेम्पो. ड्रायव्हरशेजारी सर, मांडीवर ती घागर धरून. गर्दीमुळे टेम्पो अगदी हळू, आमच्या बाजूनंच चालला होता. मुक्ता समोर बघत राहिली. मी म्हटलं, "हात कर त्यांना."

"तू कर."

मी हात वर केला. सरांनी मान लववली आणि माझ्या हाताखालून वाकून तिच्याकडे बघितलं. बघतच राहिले. टेम्पो पुढे सरकायला लागला तेव्हा मुक्तानं हात वर केला, आणि त्या माणसाचं सगळं तोंड हसलं, मोठ्या कानांपर्यंत. माझ्या हाताला असं कोणी कधी हसलेलं नाही.

टेम्पो गर्दीत दिसेनासा झाल्यावर मुक्तानं गाडी चालू केली. "अजून वाटतो हेवा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो. आत्ताच वाटला."